अर्धी खुंटी

समीक्षा कशाची करावी, याविषयी आपल्याकडे काही संकेत रूढ आहेत. काव्याची करावी, नाटकाची करावी, फार झाले तर चित्रपटाची करावी. खेळण्याची समीक्षा करतो म्हणणाऱ्याला दिवाळी अंकात जागा मिळाली, तर ती बहुधा विनोदी विभागात मिळते. म्हणून प्रारंभीच सांगून टाकतो की, पुढचा मजकूर मी विनोदाने लिहिलेला नाही. प्लास्टिकच्या लहान लहान विटा एकमेकींत बसवून जुन्या काळच्या मोटारगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती रचण्याचा एक छंद जगात पुष्कळ वर्षे चालत आला आहे. मुले तो करतात, आणि मुलांहून अधिक निष्ठेने पोक्त माणसे करतात. या कामात चांगले कोणते, वाईट कोणते आणि ते कोणत्या कसोटीवर ठरवायचे, एवढाच माझा प्रश्न आहे.

माझा अधिकार विचाराल तर तो बेताचाच. मॅट्रिकपुढे मी कॉलेजची पायरी चढलो नाही. चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली आणि गेली वीस वर्षे शाळेत मुलांकडून तांब्या, पेला आणि वांगे यांची वस्तुचित्रे काढून घेतो आहे. सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. पण या विषयात माझ्या हातून एक चूक झाली आहे, आणि चूक केलेल्या माणसाला बोलण्याचा थोडा अधिकार आपोआप येतो, असे मला वाटते.

गेल्या दिवाळीत मी पुण्याला ताईकडे गेलो होतो. माझा भाचा तेव्हा दहावीत होता. त्याने किल्ला केला नव्हता. त्याऐवजी काडेपेटीहून थोडी मोठी, काळ्या रंगाची एक मोटार माझ्यापुढे आणून ठेवली. फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी'. मी मास्तरी सवयीप्रमाणे एक डोळा मिटला, पेन्सिल आडवी धरून प्रमाण पाहिले आणि म्हणालो, "छान आहे. पण डावीकडचं पुढचं दार राहिलं की रे!" त्याने एका वाक्यात उत्तर दिले. ते मला उद्धटपणाचे वाटले. ते वाक्य योग्य जागी सांगेन. तूर्त एवढेच सांगतो की, त्याच संध्याकाळी मी ताईला सल्ला दिला, "दहावीचं वर्ष आहे. हा खोका माळ्यावर टाक." ताईने खोका माळ्यावर टाकला, आणि मोटार "निकाल लागेपर्यंत तुझ्याकडेच असू दे" म्हणून माझ्या पिशवीत घातली. अशा रीतीने ती माझ्या टेबलावर, माझ्या अर्धवट कादंबरीच्या वहीशेजारी, आठ महिने उभी राहिली. कोणत्याही टीकाकाराला कलाकृतीचा इतका दीर्घ सहवास सहसा घडत नाही.

आता थोडे साधनाविषयी. कारण ज्या कलेचे साधन समजले नाही तिच्यावर बोलू नये.

डेन्मार्कमध्ये बिलुंड नावाच्या गावी ओले कर्क क्रिस्टियानसेन हा सुतार राहत असे. १९३२ साली, मंदीच्या दिवसांत, त्याने लाकडी खेळणी करावयास घेतली. पुढे त्याच्या कारखान्याला 'लेगो' हे नाव मिळाले. डॅनिश भाषेतील 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन शब्दांना जोडून ते केलेले आहे. १९४९ साली तेथे प्लास्टिकच्या विटा निघू लागल्या. ही कल्पना सर्वस्वी त्याची नव्हे. इंग्लंडमध्ये हिलरी फिशर पेज याने तशा विटा आधीच काढल्या होत्या. पण त्या पहिल्या विटा पोटातून पोकळ होत्या. एकीवर एक बसत, परंतु धरून राहत नसत. २८ जानेवारी १९५८ रोजी कारखान्याने नव्या विटेच्या पेटंटसाठी अर्ज केला. वर खुंट्या होत्याच. आता पोटात नळ्या आल्या, आणि वीट विटेला घट्ट धरू लागली. त्याच वर्षी तो सुतार वारला. त्या वर्षीची वीट आजच्या विटेवर आजही बसते. आमच्या घरातल्या डब्यांची झाकणे दोन वर्षांत बसेनाशी होतात. त्या मानाने ही गोष्ट लहान नाही.

या विटेचे व्याकरण अगदी कडक आहे. एका खुंटीपासून दुसरी खुंटी बरोबर ८ मिलिमीटरवर. विटेची उंची ९.६ मिलिमीटर. तिच्या एक-तृतीयांश जाडीची पट्टी मिळते, ती ३.२ मिलिमीटरची. अशा पाच पट्ट्या एकावर एक रचल्या की १६ मिलिमीटर होतात, म्हणजे बरोबर दोन खुंट्यांचे अंतर. यामुळे जाणकार माणूस विटा कुशीवर निजवूनही हिशोब जुळवू शकतो. वृत्तात लिहिणाऱ्या कवीला लघुगुरूंचा जो काच असतो, तोच येथे आहे. आणि काच असूनही मोकळीक किती? आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या ९१,५१,०३,७६५ प्रकारांनी जोडता येतात, असे कोपनहेगनच्या गणितज्ञांनी मोजून दाखवले आहे. सहा विटांची ही कथा. छोट्या मोटारीला शंभर-दीडशे तुकडे सहज लागतात.

१९६२ साली या विटांना चाक मिळाले, आणि येथून आपला विषय सुरू होतो. आज हा कारखाना लहानमोठे मिळून इतके टायर बनवतो की, नुसत्या संख्येने पाहिले तर टायर बनवण्याचा जागतिक विक्रम खेळण्यांच्या या कारखान्याच्या नावावर नोंदलेला आहे. हे ऐकून भाच्याच्या वडिलांनी आपल्या स्कूटरच्या टायरकडे जो कटाक्ष टाकला, तो मला अजून आठवतो.

नवशिक्याची समजूत अशी असते की, मोटार पुढून किंवा खालून रचायला घ्यावी. वस्तुतः ती चाकापासून रचावी लागते. याचे कारण साधे आहे. विटा तोडजोड करून हव्या त्या लांबीच्या करता येतात. चाक मात्र कारखान्याने ओतले तेवढेच मिळते. म्हणजे गाडीचे प्रमाण रचणारा ठरवत नाही, चाक ठरवते. मॉडेल टीचेच उदाहरण घेऊ. मूळ गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर १०० इंच होते, डाव्याउजव्या चाकांतील ५६ इंच, आणि चाकाचा व्यास ३० इंच. आता लाकडी आऱ्यांची चाके हवीत, म्हणून खेळण्यातल्या घोडागाडीचे २७ मिलिमीटरचे आरेदार चाक घेतले, तर त्या मानाने गाडी चाकापासून चाकापर्यंत अकरा खुंट्यांहून अधिक लांब करावी लागते. ती छोटी राहत नाही. तिचा डौल जातो, आणि विटांची भिंत दिसू लागते. उलट १४ मिलिमीटरचा, ४ मिलिमीटर रुंदीचा तो अगदी अरुंद टायर घेतला, तर चाकांतील अंतर सहा खुंट्यांत बसते आणि सगळे प्रमाण चपखल जुळते. पण त्या चाकाला आरे नाहीत! आरे हवेत की प्रमाण हवे? दोन्ही मिळत नाहीत. माझ्या भाच्याने प्रमाण घेतले, आरे सोडले. हा निर्णय योग्य होता असे मी आज म्हणतो. कारण दहा पावलांवरून मोटार ओळखू येते ती तिच्या उभे राहण्यावरून. आरे मोजायला माणूस नंतर जवळ जातो.

अशी सोडण्याची आणि धरण्याची कला मला प्रथम जेथे दिसली, त्या कृती भाच्याच्या नव्हेत; कारखान्याच्याच आहेत. १९७५ च्या सुमारास या कंपनीने मोठ्या मुलांसाठी आणि छांदिष्टांसाठी काही संच काढले. त्यांत तीन जुन्या मोटारी होत्या: १९०९ ची रोल्स-रॉइस, १९१३ ची कॅडिलॅक आणि १९२६ ची रेनॉ. तुकडे दोनशे-अडीचशेच्या घरात. निवड मोठी मार्मिक होती. रोल्स-रॉइस म्हणजे तिचा रेडिएटर. ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा उभा, खांब आणि वर त्रिकोणी छप्पर. कॅडिलॅकने १९१२ च्या गाड्यांत विजेवर इंजिन सुरू करण्याची सोय आणली. तेव्हा १९१३ च्या गाडीपुढे दांडा फिरवीत घामाघूम झालेला माणूस उभा करण्याचे कारण उरले नव्हते. आणि त्या काळच्या रेनॉचा रेडिएटर इंजिनाच्या मागे असे, त्यामुळे तिचे नाक पुढे उतरत जाई. ते नाक म्हणजे तर उतरत्या विटेसाठीच जन्माला आलेले. तीन गाड्या, तीन ओळखी, आणि प्रत्येक ओळख आठ मिलिमीटरच्या भाषेत सांगता येण्याजोगी. यांतल्या विटा ओबडधोबड आहेत, खुंट्या उघड्या दिसतात, बारकावे जवळजवळ नाहीत. तरीही छायाचित्रात त्या पाहताना मन त्या उणिवांपाशी अडत नाही. पाहणाऱ्याची नजर उरलेले काम आपण होऊन करते. किंबहुना त्या कामाची संधी मिळते म्हणूनच तिला आनंद होतो.

पुढे काळ बदलला. २००८ साली फोक्सवॅगनची 'बीटल' निघाली, ती १,६२६ तुकड्यांची. २०१४ ची 'मिनी' १,०७७ तुकड्यांची. २०२० साली इटलीची छोटी 'फियाट ५००' निघाली, तिचे तुकडे ९६०. काटेकोरपणे जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या हिशोबात यांना 'व्हिंटेज' म्हणता येणार नाही. इंग्लंडात तो शब्द १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांपुरता राखून ठेवतात. पण ते असो. या संचांत दारे उघडतात, आतले इंजिन दिसते, आसने पुढे झुकतात. फियाटच्या संचात तर एक चित्रफळी दिली आहे आणि तिच्यावर रोमच्या कलोसियमपुढे उभ्या असलेल्या त्याच मोटारीचे चित्र आहे. चित्रकला-शिक्षक म्हणून मला याचे कौतुक वाटायला हवे होते. वाटले नाही. प्रतिकृतीच्या शेजारी प्रतिकृतीचे चित्र ठेवण्याची वेळ केव्हा येते? पाहणाऱ्याच्या मनात ते चित्र उमटेल असा भरवसा उरत नाही तेव्हा.

मी या नव्या संचांना वाईट म्हणत नाही. त्यांतील कौशल्य थोर आहे. एका प्रतिभावान माणसाने ते योजलेले असतात आणि लाखो माणसे पुस्तिकेत पाहून ते जोडतात. या जोडण्यातही सुख आहे. वाचनात सुख असते तसे. पण पुस्तिका पाहून जोडणारा वाचक असतो, लेखक नव्हे. आणि जसजसे वळणांचे आणि गोलाईचे तुकडे कारखान्यातून तयार येऊ लागले, तसतसा वीट आणि मोटार यांच्यातला झगडा कमी होत गेला. वीट म्हणते, मी चौकोनी आहे. मोटार म्हणते, मी वाकलेली आहे. या दोघींच्या भांडणात रचणाऱ्याने जो तोडगा काढला, ती त्याची कला. भांडणच मिटवून दिले, तर त्याला बोलायला जागा उरत नाही.

भाच्याने मॉडेल टी निवडली यातही एक औचित्य आहे. ही गाडी १९०८ ते १९२७ पर्यंत निघत होती आणि दीड कोटींच्या वर निघाली. सर्व गाड्यांचे भाग एकसारखे. या गाडीचा बोल्ट त्या गाडीला बसे. १९१३ साली फोर्डने हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जोडणी सुरू केली, आणि ज्या सांगाड्याला साडेबारा तास लागत तो पुढच्या वर्षी दीड तासात तयार होऊ लागला. १९०८ मध्ये ८५० डॉलरांना मिळणाऱ्या गाडीचा सर्वांत स्वस्त नमुना १९२५ मध्ये २६० डॉलरांवर आला. म्हणजे मुळातली मोटारही सारख्या तुकड्यांतूनच जन्मली होती. आपल्याकडेही मोटारी जोडण्याचे काम तसे जुनेच. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला कारखाना काढला, तेव्हा भाग परदेशातून बोटीने येत आणि गाडी येथे उभी राही. आमच्या आजोबांच्या पिढीने ज्या रुबाबदार मोटारींना वाट करून दिली, त्यांतल्या कित्येक खोक्यातून काढून जोडलेल्या होत्या.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळतो.

भाच्याची गाडी काळी आहे, पण रेडिएटरच्या जागी त्याने एक सोनेरी तुकडा लावला आहे. प्रथम मला ती हौस वाटली. पुढे समजले की, मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगातच मिळत असे, आणि पितळी रेडिएटर १९१६ च्या गाड्यांपर्यंतच होता. काळे अंग आणि पितळी तोंड यांचा मेळ तीनच वर्षांत बसतो. म्हणजे एका सोनेरी तुकड्याने गाडीचे साल सांगितले. कादंबरीत हेच करायला मला दीड पान लागते, आणि त्यात एक दिनदर्शिका भिंतीवर टांगावी लागते.

दुसरे, टप. या गाडीला कापडी टप होता. विटांतला सर्वांत पातळ तुकडा ३.२ मिलिमीटरचा, या गाडीच्या प्रमाणात तो सुमारे १७ सेंटिमीटर जाड होतो. सतरा सेंटिमीटर जाडीचे कापड! त्याने टप उभारलाच नाही. मिटून मागे ठेवला. मिटलेल्या टपाच्या घड्या जाडच दिसतात. साधनाचा दोष जेथे गुण ठरेल अशी जागा त्याने शोधली.

तिसरे, माणूस. ताईने पहिल्याच दिवशी विचारले होते, "यात बसायला कोणी नाही का रे?" या विटांबरोबर जी माणसे मिळतात ती १९७८ पासूनची, उंचीला चार विटांएवढी, पण रुंदीला मोठी आडमाप. आपल्या मातीच्या किल्ल्यावर बुरुजाहून उंच मावळा उभा असतो, आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. कारण किल्ल्यात भक्ती मोजायची असते, माप नव्हे. मोटारीत मात्र असा माणूस बसवला की मोटारीचे खेळणे होते. भाच्याने ती रिकामी ठेवली. या रिकाम्या गाडीकडे पाहताना तिचा मालक कोठे उतरला असेल, असा विचार मनात येतो. हा विचार उत्पन्न करणे हे मी कलेचेच लक्षण समजतो.

दोष नाहीत असे नाही. मागची मडगार्डे साफ फसली आहेत. मूळ गाडीत ती पत्र्याच्या रिबिनीसारखी वळत जातात. येथे ती जिन्यासारखी उतरतात. दिव्यांचे तुकडे मोठे झाल्यामुळे गाडीला किंचित आश्चर्यचकित झाल्यासारखा भाव आला आहे. हे मी त्याला सांगितले आहे, आणि त्याने मान्य केले आहे.

आता माझी चूक. फेब्रुवारीतल्या एका रात्री, कादंबरीचे प्रकरण पुढे सरकत नव्हते म्हणून, मी त्या मोटारीची वरची पेटी उचकटून पाहिली. आत कसे आहे याची उत्सुकता, दुसरे काय! पेटी सुटली, तिच्याबरोबर चार बारीक तुकडेही सुटले. मी सर्व पुन्हा जसेच्या तसे बसवले. गाडी पूर्ण झाली, आणि टेबलावर दोन तुकडे उरले. दोन खुंट्यांच्या लांबीची इवलीशी पट्टी, पण वर खुंट्या दोन नव्हेत, एकच, बरोबर मधोमध. मी ते निरुपयोगी समजून काडेपेटीत टाकले. त्यानंतर गाडी मला बरी दिसेना. कोठे बिघडले ते कळेना. गाणाऱ्याचा तंबोरा किंचित उतरलेला असावा, तसे काहीतरी.

जूनमध्ये निकाल लागल्यावर भाचा गावी आला. दारातून आत येतायेताच त्याची नजर टेबलावर गेली. "मामा, अर्धी खुंटी सरकलीय."

मी काडेपेटी पुढे केली. त्याने उलगडून सांगितले ते असे. एका मडगार्डाच्या कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंत ही गाडी चार खुंट्या रुंद आहे. मधली बसण्याची पेटी तीन खुंट्यांची. चारावर तीन मधोमध बसवायची तर दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी खुंटी सुटली पाहिजे, आणि विटांच्या व्याकरणात अर्धी खुंटी नाही. तिच्यासाठीच हा तुकडा. तो घातला नाही तर पेटी डावीकडे तरी सरकते, नाहीतर उजवीकडे. मूळ मापे घेतली तरी तेच निघते: चाकांतील १०० इंचांना सहा खुंट्या धरल्या, तर ५६ इंचांना तीन आणि वर सुमारे एक-तृतीयांश खुंटी येते. खरी वस्तू पूर्णांकात कधी बसत नाही. काहीतरी उरतेच. जो उरलेले नाकारतो त्याची गाडी वाकडी उभी राहते. जो त्यासाठी दोन अदृश्य तुकडे खर्च करतो, त्याची सरळ. आणि ते तुकडे गाडी पूर्ण झाल्यावर कोणालाच दिसत नाहीत.

येथे माझी कसोटी मला सापडली. विटांच्या मोटारीत किती तुकडे आहेत, दारे उघडतात की नाही, हे मी आता पाहत नाही. हिशोबात न बसलेला जो अंश उरला, त्याचे रचणाऱ्याने काय केले, ते पाहतो.

आता ते दार. मी म्हणालो होतो, डावीकडचे पुढचे दार राहिले. भाच्याचे उत्तर होते, "मामा, ते उघडतच नव्हतं."

मला तो उद्धटपणा वाटला होता. ती माहिती होती. अमेरिकेत बनलेल्या उघड्या मॉडेल टीला १९१२ पासून १९२५ पर्यंत चालकाच्या बाजूला दार नव्हतेच. पत्र्यावर दाराची नुसती रेघ उठवलेली असे. चालक उजवीकडून चढून सरकत येई, नाहीतर पत्र्यावरून तंगडी टाकी. कॅनडात बनलेल्या गाड्यांना मात्र दोन्हीकडे खरी दारे असत. भाच्याच्या गाडीचे सुकाणू डावीकडे आहे. आणि ती अमेरिकेतली आहे. आता त्याने काय केले पाहा. उजव्या अंगाला दोन विटांमध्ये सांधा येतो, तो त्याने दाराच्या जागी येऊ दिला. सांधा हीच दाराची रेघ. डाव्या अंगाला पुढच्या बाजूस त्याने एकच लांब, अखंड वीट घातली. म्हणजे मूळ गाडीने जी लबाडी केली, ती या छोट्या गाडीने केली नाही. यावर कोणी म्हणेल की, ती रेघ मूळ गाडीत दिसत होती, तेव्हा तीही दिसायला हवी. हा आक्षेप खोटा नाही. डोळ्याच्या बाजूने तो खरा आहे. पण मला भाच्याची बाजू पटते. कारण सगळी दारे खोटी असलेल्या वस्तूत उघडणारे दार आणि न उघडणारे दार यांतला फरक त्याने राखला.

हे मला पटले, कारण ते मला लागले. माझ्या दुसऱ्या कादंबरीत नायकाची एक आत्या आहे. ती दर प्रकरणात एकदा येते, पानाचा डबा उघडते, एक म्हण टाकते आणि जाते. आमच्या शाळेतल्या निवृत्त बाईंनी पुस्तक वाचून विचारले होते, "त्या आत्यांचं पुढं काय झालं हो?" मी हसून वेळ मारून नेली. काय होणार? आत्या म्हणजे पत्र्यावर उठवलेली रेघ होती. गाव भरलेले दिसावे म्हणून मी अशी पुष्कळ दारे रंगवली आहेत, आणि त्यांतले एकही उघडत नाही. या उन्हाळ्यात टेबलावरची वही पुन्हा काढली आणि सतरा प्रकरणांतून चार माणसे बाहेर काढली. वही बारीक झाली. चांगली झाली की नाही, ते वाचक सांगतील.

दहावीच्या वर्षी मुलाचा खोका माळ्यावर टाकावा की नाही, याविषयी मी आता कोणाला सल्ला देत नाही. गुण त्याला बरे पडले. पण ते खोक्यामुळे पडले की खोका नसल्यामुळे, हे ठरवणे माझ्या बुद्धीपलीकडचे आहे. एवढे मात्र कबूल करतो की, तो मापे घेत होता, साले तपासत होता, काय सोडायचे आणि काय राखायचे याचा विचार करीत होता. आणि वीस वर्षे मुलांना नेमके हेच शिकवण्याचा पगार घेणाऱ्या मी त्याला खेळ म्हटले.

यंदा दिवाळीला पुन्हा पुण्यास जायचे आहे. खोका माळ्यावरून उतरला आहे, असे ताईने कळवले आहे. मोटार मी पुठ्ठ्याच्या पेटीत, कापसात बांधून ठेवली आहे. पेटी मधोमध बसली आहे याची दोनदा खात्री करून घेतली. आपल्या साडेतीन मुहूर्तांतला अर्धा मुहूर्त दिवाळीच्या पाडव्याचा. त्याच दिवशी ती त्याच्या हातात द्यावी म्हणतो.